उपासाचा खिमा

दुन्याने कढईत अर्धा किलो गोमांसाचा खिमा टाकला, तेव्हा संध्याकाळचे सहा वाजायला वीस मिनिटं होती. आलं-लसूण आधीच तडतडत होतं. खिम्याचा रंग पालटल्यावर तिने त्यात सोया सॉस ओतला, चमचाभर मध, मूठभर लाल मिरची, शेवटी कांद्याची पात. शेजारच्या शेगडीवर भात होत आला होता. दिवसभर दातांच्या प्रयोगशाळेत परक्या माणसांच्या कवळ्या घासून आलेल्या बाईला यापेक्षा मोठा स्वयंपाक सुचत नाही, आणि सुचू नये.

नाताळच्या आधीचा चाळीस दिवसांचा उपास चालू होता. म्हणजे मांस नाही, अंडं नाही, दूध नाही. दुन्या आणि तिचा नवरा वुकाशिन या उपासाला पुष्कळ मान देत. म्हणजे उपास करणाऱ्यांना मान देत. स्वतः मात्र फक्त सणाच्या दिवशी पाळत. सर्बियातल्या आमच्या वाल्येवो गावातली निम्मी बिऱ्हाडं असंच करतात आणि उरलेली निम्मी करत नाही असं सांगतात.

सण मात्र यंदा खेळ नव्हता. आमच्याकडे प्रत्येक घराण्याचा एक संत असतो आणि त्याच्या दिवशी घरी सण. वुकाशिनच्या घराण्याचा संत निकोला, आणि त्याचा दिवस अवघ्या सहा दिवसांवर आला होता. चौतीस वर्षं हा सण सासरे रादिसाव यांच्या घरी होत आला. यंदा रादिसाव म्हणाले, "माझे गुडघे संपले. सण मुलाकडे जाऊ दे." त्यावर सासूबाई स्तामेंका म्हणाल्या, "जाऊ दे की. पण हे वर्ष परीक्षेचं. जमलं तर कायमचा तिकडे. नाही जमलं तर पुढच्या वर्षी सणाचा पाव माझ्याच टेबलावर कापायचा."

सहा वर्षांच्या संसारात दुन्याला सासूकडून दोनदा शाबासकी मिळाली होती. एकदा तिच्या दातांबद्दल आणि एकदा दिवाणखान्यातल्या पडद्यांबद्दल. पडदे सासूबाईंनीच दिलेले होते.

दुन्याने शेगडी बारीक केली आणि दाराची घंटा वाजली.

वुकाशिनने दार उघडलं. समोर आई, वडील, आणि त्यांच्यामागे काळ्या झग्यातले, हातात छोटी पिशवी धरलेले फादर गाव्रिलो.

"अरे, असा बघतोस काय?" स्तामेंकाबाई म्हणाल्या. "मंगळवारी सहाला फादर घरातलं पाणी मंतरायला येणार म्हणून सांगितलं होतं ना? दुन्याला बोललास की नाही?"

"हो हो," वुकाशिन म्हणाला. हे 'हो हो' त्याला बोलायचं राहून गेलं होतं, हे आठवल्याचं होतं.

स्तामेंकाबाई दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या. त्यांचं नाक वर झालं. "हा कसला वास?"

दुन्या हातात उलथनं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. खरं सांगावं तर परीक्षा पेपर हातात पडायच्या आधीच संपत होती. तिने श्वास घेतला.

"सोयाचा खिमा, आई. उपासाचा."

उपासाच्या दिवसांत आमच्याकडे सोयाचा खिमा घरोघरी असतो. कोबीच्या पानांत भरतात, मिरचीत भरतात, काही लोक नुसताच खातात आणि त्याचं पुण्य वेगळं मिळत असणार, कारण चव ओल्या पुठ्ठ्याची असते. तेव्हा दुन्याचं उत्तर चोख होतं. वासाला मात्र कोणी जामीन राहिलं नव्हतं.

"सोया?" स्तामेंकाबाई म्हणाल्या. "असा?"

"चिनी पद्धतीचा आहे. मसाला निराळा."

फादरांनी घड्याळ पाहिलं. त्या दिवसातलं हे त्यांचं अकरावं घर होतं. या आठवड्यात अर्ध्या गावाला घरात तीर्थ हवं असतं. टेबलावर पाण्याचं भांडं ठेवलं, मेणबत्ती लागली, धूप पेटला. फादरांनी खणखणीत आवाजात मंत्र सुरू केले. धुपाचा वास खोलीभर पसरला आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर त्याला आल्या-लसणाचा वास आडवा आला. घरच्यांची नावं घेताना फादर एकदा अडखळले. मग सब्जाच्या वाळल्या काड्यांची जुडी पाण्यात बुडवून ते खोल्याखोल्यांतून शिंपडत गेले. झोपायच्या खोलीला एक शिंतोडा मिळाला, न्हाणीघराला एक. स्वयंपाकघराला चार, त्यातले तीन कढईच्या दिशेने.

फादर पिशवी आवरू लागले तशी दुन्याने वुकाशिनला दंडाला धरून आत ओढलं.

"खाऊन टाक."

"काय?"

"हे. सगळं."

"अर्धा किलो?"

"अर्धा किलो. आई त्यांना जेवायला बसवायच्या आत."

"अगं, उकळतंय ते!"

"तुझी आई उकळेल त्यापेक्षा कमी."

वुकाशिन आज्ञाधारक होता. त्याने मोठा चमचा घेतला. पहिल्या घासाला त्याचे डोळे भरून आले, दुसऱ्याला जीभ गेली, तिसऱ्याला काही जाणवेनासं झालं म्हणून चौथा त्याने जोमात घेतला. पाचव्याला स्तामेंकाबाई दारात होत्या.

"वुकाशिन! फादर बाहेर उभे आणि तू कढईत तोंड घालून?"

"हं," वुकाशिन म्हणाला. जिभेला तेवढंच जमत होतं.

"आई, फार तिखट झालंय हो," दुन्या म्हणाली. "फादरांना सोसायचं नाही."

"सोसतं," बाहेरून फादरांचा आवाज आला.

"आणि थोडंच आहे."

स्तामेंकाबाईंनी कमरेवर हात ठेवले. "थोडं? सोमवारी चाळीस माणसं यायची आहेत आणि तुला आज चौघांची पंचाईत पडली?"

दुन्याने बशा काढल्या.

सगळे टेबलाभोवती बसले. आधीच्या दहा घरांपैकी नऊ घरांत फादरांना राजम्याची उसळ मिळाली होती आणि दहाव्यात राजम्याचं सूप. त्यांनी भातावर खिमा घेतला, चमचा तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. त्यांनी भिंतीवरच्या संत निकोलाच्या तसबिरीकडे पाहिलं. मग दुन्याकडे पाहिलं. दुन्या टेबलक्लॉथवरची फुलं मोजत होती.

"सोया?" फादर म्हणाले.

"सोया."

"अस्सं," फादर म्हणाले आणि बशी जवळ ओढून घेतली. "देव दयाळू आहे."

"याला चावावं लागतंय!" रादिसाव खूष होऊन म्हणाले. ते पोटापुरता विचार करणारे सरळ गृहस्थ होते. "घरचा सोया कसा, तोंडात गेला की मातीच होतो."

"घरचा म्हणजे माझा?" स्तामेंकाबाई म्हणाल्या.

"मी बाजारातल्या सोयाबद्दल बोलतोय."

स्तामेंकाबाईंनी एक चमचा खाल्ला. मग दुसरा खाल्ला. मग बशी पुसली गेली, आणि त्यांनी ती स्वतः होऊन पुढे केली. सहा वर्षांत या घरात त्यांनी दुसऱ्यांदा काही मागितलं नव्हतं. फादरांनी तीनदा घेतलं, रादिसावनी तीनदा आणि शिवाय कढई निपटली.

"दुन्या," स्तामेंकाबाई शेवटी म्हणाल्या, "हाच खिमा सोमवारी करायचा. सगळ्यांना."

"चाळीस जणांना?"

"माझ्या बहिणींना कळू दे तरी." त्या उठल्या आणि जाता जाता दुन्याच्या खांद्यावर हात ठेवला. क्षणभरच, पण ठेवला. दुन्याला तो हात खिम्यापेक्षा जड वाटला.

दार लागल्यावर वुकाशिन थंड पाण्याचा पेला तोंडाला लावून म्हणाला, "आता?"

आता बुधवार. दुन्याने खरा सोया आणला, भिजवला, पिळला आणि तोच मसाला घातला. वुकाशिनने चाखून पाहिलं. "मसाला चांगला आहे," तो म्हणाला. "फक्त तो कशावर घातलाय ते कळत नाही." गुरुवारी तिने त्यात अळंबी वाटून घातली. शुक्रवारी अक्रोड. शनिवारी अळंबी, अक्रोड आणि दुप्पट सोया सॉस. त्या रात्री दोघंही तीन तांबे पाणी प्यायली.

"एक सांगू?" वुकाशिन म्हणाला. "खराच घाल. इतक्या मसाल्यात कुणाला समजणारे?"

"वेडा आहेस? सणाच्या दिवशी, संताच्या तसबिरीखाली, चाळीस माणसांचा उपास मोडू? फादरांचा मोडला तेवढा पुरे आहे मला."

"मग आईला जाऊन सांग."

दुन्या रविवारी सकाळी खरंच गेली. जिना चढताना तिने वाक्य तयार केलं होतं: आई, मी खोटं बोलले. दार अर्धवट उघडं होतं आणि स्तामेंकाबाई फोनवर बहिणीशी बोलत होत्या.

"अगं, तू येच गं उद्या. नाही, हात काही नुसता चालत नाही तिचा, चव आहे हाताला. माझ्या सुनेचं सांगतेय मी!"

सहा वर्षं दुन्या त्या फोनवर 'वुकाशिनची बायको' होती. ती जिन्यात दोन मिनिटं उभी राहिली. मग तयार केलेलं वाक्य तसंच घेऊन परत खाली उतरली.

सणाला आमच्याकडे कुणी कुणाला रीतसर बोलावणं धाडत नाही. ज्यांना यायचं ते येतात, आणि आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. सोमवारी चाळीस अपेक्षित होते. दुपारपर्यंत दुन्याने चोपन्न कोट मोजले. सगळ्या मावश्या होत्या, एका मावशीची शेजारीण होती, आणि त्या शेजारणीने जिन्यातच विचारलं, "सोया संपला नाही ना?"

दुन्याने रीतीप्रमाणे दारात प्रत्येकासमोर गोड गव्हाची वाटी धरली. टेबलावर तळलेला मासा होता (मांस नाही, पण सणाला मासा चालतो), कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या, राजमा होता. मधोमध, सर्वांत मोठ्या थाळ्यात, सोयाचा खिमा. वरून कांद्याची पात इतकी पेरली होती की खालचं फारसं दिसू नये.

एक वाजता फादर गाव्रिलो आले. त्या दिवशी त्यांना श्वास घ्यायला सवड नसते. लोक पाव घेऊन देवळात रांग लावतात. तरी ते या घरी जातीने आले. वुकाशिन, रादिसाव आणि फादर यांनी मिळून पाव गोल फिरवला, कापला, त्यावर लाल वाइन ओतली. तसबिरीपुढची मेणबत्ती सरळ जळत होती. आत्तापर्यंत सगळं बिनचूक झालं होतं.

"आधी फादरांना वाढ," स्तामेंकाबाई म्हणाल्या. "तोच. तेही विचारत होते."

दुन्याने वाढलं. मावश्यांची रांग पुढे झुकली. फादरांनी चमचा तोंडात घातला.

ते चावू लागले. चावून झालं तरी चावत राहिले. मग पाण्याचा घोट घेतला. चोपन्न माणसं त्यांच्या दाढीकडे बघत होती आणि दुन्या त्यांच्या डोळ्यांकडे. तिला कळून चुकलं होतं की आता हा माणूस 'त्या दिवशीसारखा नाही' एवढंच म्हणाला, की मावश्या 'का नाही' विचारणार, आणि संध्याकाळच्या आत सबंध वाल्येवोला उत्तर मिळणार.

फादरांनी चमचा खाली ठेवला. संताकडे पाठ होईल असे थोडे वळले.

"अगदी तसाच," ते म्हणाले.

स्तामेंकाबाईंनी आपल्या बशीतला एक घास खाल्ला. त्यांच्या गालातला तो घास बराच वेळ इकडून तिकडे फिरला. त्यांनी फादरांकडे पाहिलं. फादर छताकडे पाहत होते.

"तसाच," स्तामेंकाबाई म्हणाल्या. "रतीभर फरक नाही."

तेवढ्यात टेबलाच्या टोकाला बसलेल्या रादिसावनी चमचा आपटला. "काहीतरीच काय बोलताय दोघं! त्या दिवशीचा कुठे आणि हा कुठे! त्या दिवशीचा तर असा लागत होता, जसा काही..."

"तुम्ही गप्प बसा!" स्तामेंकाबाई म्हणाल्या.

"रादिसाव, गप्प बसा," फादर त्याच क्षणी म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चटकन नजरा काढून घेतल्या. दुन्याच्या हातातला डाव थाळ्यावर तसाच राहिला. मंगळवारी त्या टेबलावर कोणाला काय माहीत होतं आणि कोणी किती वेळा वाढून घेतलं होतं, हे सगळं तिच्या डोक्यात एका रांगेत येऊन उभं राहिलं. फादर तीनदा. सासूबाई दोनदा.

"आई..." ती हळूच म्हणाली.

"काही बोलू नकोस," स्तामेंकाबाई तितक्याच हळू म्हणाल्या. मग आवाज चढवून, मावश्यांना ऐकू जाईल असं: "ऐका गं सगळ्या! पुढच्या वर्षी माझ्याकडे कुणी यायचं नाही. सण आता इथलाच. मीसुद्धा इथली पाहुणी."

आणि चौतीस वर्षांत पहिल्यांदा, सणाच्या दिवशी, भर पंगतीत, त्या खुर्ची ओढून बसल्या. रुमाल मांडीवर पसरला आणि बशी पुढे केली.

"वाढ मला, दुन्या. सोया थोडा, मासा जास्त."