चार बोल्टांचं काम

आमचे दाजी स्वतःलाच हत्यारं इश्यू करीत.

म्हणजे असं, की मोटारीखाली उताणे पडलेल्या दाजींना चौदा नंबरचा पाना हवा झाला, की ते सरपटत बाहेर येत, अंग झाडत, पडवीतल्या भिंतीपुढं ताठ उभे राहत आणि खड्या आवाजात म्हणत, "पाना, चौदा नंबर, एक!" मग जरा घसा बदलून स्वतःच म्हणत, "इश्यू!" त्या भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगानं काढलेली होती. पाना काढला की मागं त्याचं भूत उरे. काम झालं की पुन्हा बाहेर, पुन्हा भिंत, "जमा!" आणि पाना जमा झाल्याशिवाय पक्कड मिळत नसे.

"एका मानसाला एका टायमाला एकच हत्यार. मिलिटरीचा कायदा हाय."

घेणारा आणि देणारा एकच माणूस आहे, याच्याशी कायद्याला काही कर्तव्य नव्हतं.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. साताऱ्यात आमची घरं पाठीला पाठ लावून होती. त्यामुळं त्यांना काही उचलायचं असलं की पाठ माझी लागे. मिलिटरीतून हवालदार होऊन रिटायर झालेले. मोटार कंपनीत होतो असं ते सांगत, आणि ते खोटं नव्हतं. फक्त तिथं आपण स्टोअरकीपर होतो, हे सांगायचं राहून जाई. उभ्या नोकरीत त्यांनी पाने दिले आणि पाने घेतले. फिरवला एकही नव्हता. मोटारीतल्या कुठल्याही नटाचं नाव विचारा, नंबरासकट सांगतील. तो बसतो कुठं, हे मात्र मोटारीलाच विचारावं लागे.

जगातल्या यच्चयावत अडचणींवर त्यांचं एकच उत्तर होतं: "चार बोल्टांचं तर काम हाय!" माझ्या पुतणीचं लग्न जमेना, चार बोल्ट. समोरच्या वकिलांचं हर्नियाचं ऑपरेशन, चार बोल्ट. एकदा मी चिडून विचारलं, "आणि सरकार चालवायचं, दाजी?"

"त्ये बी चारच. पन घट्ट करतंय कोन?"

त्यांची मोटार कुणा जहागीरदाराच्या दारातून उतरत उतरत त्यांच्यापर्यंत पोचली होती. रंगानं काळी, आणि वाटेत बसली की उठायची नाही, म्हणून गल्लीनं तिचं नाव 'म्हस' ठेवलेलं. तिच्या पुढच्या डाव्या दाराला काच नव्हती. पावसात त्या जागी बसणारा चिंब भिजे, आणि ती जागा बहुधा माझी असे.

"दाजी, काच बसवा की एक."

"कशाला? वारं लागतंय न्हवं?"

हे सगळं चिक्कूपणाचं आहे, असा आमच्या घरात एकमतानं निकाल लागला होता.

तर त्या चैत्रात म्हस चढाला हटून बसायला लागली. इंजिन गळा काढून ओरडायचं आणि चाकं नुसती ऐकून घ्यायची. पेठेतल्या फिटरनं गाडीकडं न बघता, आवाजावरूनच सांगितलं, "क्लचप्लेट गेलीया. सोडून जावा, करून ठेवतो."

"फिटरकडं गाडी सोडायची म्हंजी कोल्ह्याकडं कोंबडी राखायला द्यायची," दाजी म्हणाले आणि नवी प्लेट तेवढी घेऊन घरी आले.

आमचं गाव विट्याच्या पलीकडं, आणि गावची यात्रा तोंडावर आलेली. अक्काचं आणि एस.टी.चं कधी जमलं नाही, म्हणून 'यात्रेला तुला गाडीनं न्हेतो' असं दाजी दर साली कबूल करीत, आणि दर साली ऐन वेळी म्हस बसे. अक्का माहेरची यात्रा विसरत चालली होती.

"आवं, ऐका की. द्या त्या फिटरला."

"चार बोल्टांचं..."

"बास! आता माजं ऐका. यंदा गाडी निघाली न्हाई, तर मी येस्टीनं जाईन. आन् परत आल्याव पैलं काम म्हंजी ती म्हस दाव्यासकट भंगारवाल्याला दीन."

भिंतीपुढं जाऊन दाजींनी जॅक इश्यू करून घेतला.

क्लचची प्लेट असते इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या मधोमध, सासू-सुनेच्या मध्ये सापडलेल्या नवऱ्यासारखी. तिच्यापर्यंत पोचायचं तर अख्खा गियरबॉक्स खाली घ्यावा लागतो. 'आमी गियरबॉक्स उतरवला' असं दाजी पुढं सगळ्यांना सांगत. मी खाली होतो. माझ्या मते तो पडला.

"पाव्हणं, सोडू नका!"

"दाजी, छातीवर आहे माझ्या! उचला!"

"आलोच. येवढी पक्कड जमा करून येतो."

गियरबॉक्स म्हणजे काय हे तेव्हा मला समजलं. आजही कुणी तो शब्द काढला की मी आधी श्वास घेतो.

नवी प्लेट बसवायची वेळ आली. तिच्या एका बाजूला इंग्रजी अक्षरं ठोकलेली होती. मी वाचून दाखवलं, "दाजी, 'फ्लायव्हील साइड' असं लिहिलंय. म्हणजे ही बाजू इंजिनाकडं जायची असणार."

दाजींनी माझ्याकडं दयेनं पाहिलं. "पाव्हणं, नाव कशासाठनं लिवत्यात?"

"वाचायला."

"मग भिताडाकडं तोंड करून ठिवलं तर वाचंल कोन? स्टोअरमदी डबा लावायचा त्यो नाव आपल्याकडं करून. उघडलं की दिसलं पायजे."

आणि त्यांनी अक्षरं आपल्याकडं करून प्लेट चढवली. दिसत होती मात्र छान, कुठल्याही स्टोअरला शोभेल अशी.

यात्रेला निघायच्या आदल्या संध्याकाळी सगळं जोडून झालं. अक्काची पिशवी भरून उंबऱ्यात. दाजींनी क्लच दाबला, गियर टाकायला गेले, आणि गियरबॉक्सनं अशी किंकाळी फोडली की समोरचे वकील टाके सांभाळत बाहेर आले. क्लच दाबा नाहीतर सोडा, म्हशीला दोन्ही सारखंच. एका हिसक्यात ती पुढं गेली आणि धुण्याच्या दगडाला मुका देऊन बंद पडली.

प्लेट उलटी बसली होती. म्हणजे पुन्हा गियरबॉक्स, पुन्हा माझी छाती. अक्कानं पिशवी आत नेली, आणि सकाळी तीच पिशवी घेऊन ती स्टँडकडं निघून गेली.

दाजी हत्यारांच्या भिंतीपुढं उभे राहिले. इश्यू काहीच केलं नाही. मग वळले.

"पाव्हणं, ढकला."

आमच्या बोळाला उतार आहे. आधीच गियर टाकून ठेवलेली म्हस धक्क्यासरशी खोकली आणि सुरू झाली. पळत्या गाडीत मी कसा चढलो ते माझ्या गुडघ्याला अजून आठवतं.

"दाजी, प्लेट अजून उलटीच आहे, क्लच नाही. थांबलो तर पुन्हा निघणार कसं?"

"थांबायचं कशाला?"

कोरेगावचा बाजार आम्ही हॉर्नवर पार केला. शेळ्या बाजूला झाल्या, एक कोथिंबीरवाली बाजूला झाली, तिच्या शिव्या बराच वेळ सोबतीला होत्या. गाव मागं पडल्यावर दाजी समोर बघतच बोलले.

"लगीन करून हिला आनली, ती येस्टीतनं. वाटंत तिला वांत्या. नवी नवरी, नव्या लुगड्यावर. समदं वऱ्हाड फिदीफिदी हसलं."

दाजींनी एक खड्डा चुकवला.

"मी बी हसलो," दाजी म्हणाले. "तवापास्नं तिनं येस्टीत पाय ठिवला न्हवता."

मी दाराकडं बघायला लागलो. काच नसलेल्या त्या दाराच्या आतल्या अंगाला काच धरायच्या पट्टीचे बोल्ट होते. नीट तेल पाजलेले, एकाचंही डोकं न झिजवता कसलेले. दाजींच्या हातचं इतकं सुबक काम मी आजवर पाहिलं नव्हतं. बोल्ट चार होते.

पुसेगावच्या स्टँडवर एस.टी. उभी होती. लिंबाच्या झाडाखाली अक्का पदर तोंडाला लावून बसलेली, चेहरा पांढराफटक. कंडक्टर घंटीची दोरी धरून खोळंबलेला. दाजींनी स्टँडला वळसा घातला.

"बस! बस गाडीत!"

"थांबवा की आवं!"

"थांबत न्हाई ती! पळत ये!"

"मी? पळत?"

दुसऱ्या वळशाला एस.टी.तली माणसं खिडक्यांतून बाहेर आली. "हवालदार, म्हस उधळली का काय?" आमच्या गल्लीतलं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले. तिसऱ्या वळशाला दाजींनी अक्काच्या तोंडाकडं पाहिलं, आणि बरोबर तिच्यापुढं म्हस थांबवली. इंजिन आचका देऊन मेलं. हशा आणखी वाढला. दाजी खाली उतरले, वळसा घालून आले, दार उघडलं, आणि खिशातली आलेपाकाची पुडी अक्काच्या हातात दिली.

"ढकला की गड्यांनो," हसणाऱ्यांना ते म्हणाले. मिलिटरीचा आवाज कुठंच नव्हता. "हिला येस्टी सोसत न्हाई."

हसणं थांबलं. अर्धी एस.टी. खाली उतरली. मीही जागा सोडून ढकलायला लागलो. म्हस खोकली, सुरू झाली, आणि निघून गेली. माझे हात तसेच पुढं. थांबायचा प्रश्नच नव्हता.

"चला पाव्हणं," कंडक्टर म्हणाला. "बाईंची शीट रिकामीच हाय."

पुढं म्हस, मागं एस.टी. म्हस धिम्या चालीनं, खड्डे चुकवत चाललेली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवून पाहिला, दाजींनी साइड दिली नाही. डाव्या बाजूनं अक्काचा पदर वाऱ्यावर फडफडत होता. तिनं तोंड बाहेर काढून डोळे मिटले होते.

"त्या दाराची काच फुटलीया व्हय?" कंडक्टरनं विचारलं.

"नाही," मी म्हणालो. "काढलीय. चार बोल्टांचं काम आहे."