आबासाहेबांचा घसा सर जाहला त्याची हकीकत

धन्याचे सेवेसी चाकर कलमबहाद्दर विनंती करितो ऐसीजे. हुजुरांनी पुसिले की आबासाहेबांचा घसा कैसा सर जाहला, ते खरे खरे लिहितो. कोठे मीठमसाला अधिक पडला असेल तर माफी असावी.

आबासाहेबांस अर्धांगवायूचा झटका आला आणि घशाचा दरवाजा निकामी जाहला. फिट येऊ नये म्हणोन औषध रोज पोटी जाणे जरूर, आणि गोळी तर गालाआड दबा धरी, मग उशीखाली सापडे. साधे पाणीही वाट चुकोन श्वासनळीत घुसे आणि खासे ठसक्याने काळेनिळे होत. अखेर फर्मान निघाले की, "आता पुरे. मला औषध नको." आईसाहेबांनी ऐकिले न ऐकिलेसे केले.

कन्या औषधकारखान्याचे प्रयोगशाळेत मुख्य. तिने कंबर कसिली आणि मसलत करोन घशातून अलगद घसरेल ऐसी जेली सिद्ध केली. प्रयोगशाळेच्या तमाम सरदारांनी ती गट्ट करोन मिशांस पीळ दिला, ज्यांस मिशा नव्हत्या त्यांनीही दिला. मग बिनऔषधाची जेली डॉक्टरांसमक्ष आबासाहेबांस चारिली, तो पुन्हा ठसका आणि फौजेची दाणादाण.

कन्या जेवणाचा डबा उघडोन तैसीच बसली, आणि ध्यानी आले की आबा घास तोंडात घोळवीत बसतात आणि आपण धडधाकट टोणगे गटकन गिळोन मोकळे. मग हुकूम सुटला की जेली तोंडात धरावी, गिळेल त्याची गय नाही. प्रयोगशाळा गाल फुगवोन बसली. फोन खणखणला, कोणी घेईना. बडे साहेब येवोन "काय चाललंय इथे?" म्हणोन पुसते जाहले, तो मंडळी नुसती माना डोलावीत, आणि साहेब घाबरोन माघारी फिरले. इतक्यात जिभेच्या उबेने जेलीचे पाणी जाहले, आणि गनीम घरातच सापडला, की हेच पाणी आबासाहेबांचे श्वासनळीत घुसे.

मग न वितळणारी जेली जाहली, औषधासुद्धा. आबासाहेबांनी ती बहुत घोळविली, आईसाहेब टॉवेल घेवोन श्वास रोखोन उभ्या, आणि गळ्याची घाटी वरखाली जाहली. ठसका नाही. आबासाहेबांनी रिकामी जीभ दाखविली आणि फर्माविले की, "चव भिकार आहे. उद्या जरा बरी आण."

औषध नको हे फर्मान त्या घटकेस रद्द जाहले, आणि आईसाहेब टॉवेलात तोंड खुपसोन पोटभर रडल्या. घसा सर जाहला, कन्येची चव नापास जाहली. दोन्ही नोंदवोन मोर्तब केले असे.