तिसरा आग्रह

ज्या खुर्चीवर बसून फारसं काही करायचं नसतं, त्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवायला देशाला सर्वांत जास्त डोकं चालवावं लागतं, हे राज्यशास्त्रातलं पहिलं सत्य आहे. (दुसरं सत्य समितीच्या विचाराधीन आहे.) अमेरिकेच्या उपाध्यक्षाची खुर्ची हे याचं उत्तम उदाहरण. या पदाची कर्तव्यं मुख्यत्वे दोन: सेनेटमध्ये मतं समसमान पडली तर आपलं एक मत टाकणं, आणि रोज सकाळी उठून अध्यक्षांची तब्येत कशी आहे याची चौकशी करणं. उत्तर "ठणठणीत" असं आलं की दिवस मोकळा. परदेशातल्या अंत्ययात्रांना जाणं हे तिसरं कर्तव्य, पण ते घटनेत नाही. ते ज्याच्याकडे काळा कोट आहे त्याच्याकडे आपोआप येतं.

तरीही दर चार वर्षांनी मक्याची कणसं बाजारात आली की उपाध्यक्षाच्या उमेदवाराबद्दलचे अंदाजही बाजारात येतात, आणि दोन्ही गरमागरम खपतात.

त्या उन्हाळ्यात न्यू जर्सीचे सेनेटर रॉक्को डिमार्झो यांनी पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी जिंकली आणि आता त्यांना जोडीला कुणीतरी हवं होतं. असा जोडीदार निवडण्याचे निकष शास्त्रशुद्ध असतात. तो उमेदवारापेक्षा हुशार नसावा, पण टीव्हीवर ते लक्षात येऊ नये. उमेदवाराला एकट्याला जिंकता येणार नाही अशा राज्यातला असावा. फोटोत किंचित बुटका यावा. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याला हे पद हवंसं वाटता कामा नये. हपापलेला माणूस अध्यक्ष म्हणून चालतो. उपाध्यक्ष म्हणून अगदी शोभत नाही.

हे सगळे निकष विस्कॉन्सिनच्या गव्हर्नर मारित टॉलेफ्रूड यांना मापून शिवल्यासारखे बसत होते. एका पाहणीनुसार बासष्ट टक्के मतदारांना त्या पसंत होत्या आणि अठ्ठावन्न टक्क्यांना त्या कोण हेच माहीत नव्हतं. (बेरीज शंभरावर जाते, कारण बऱ्याच जणांना त्या माहीत नसल्यामुळेच पसंत होत्या.)

मारित त्या जुलैत आपल्या गावी, न्यू हालिंगला, सुट्टीवर आल्या होत्या. न्यू हालिंगमध्ये माणसं अडीच हजार, गाई त्याच्या तिप्पट आणि चर्चेस चार. चारही लुथरन या एकाच पंथाची आणि एकमेकांशी न बोलणारी. या गावात एका सकाळी टीव्हीच्या अकरा गाड्या येऊन थडकल्या आणि मारितच्या समोरच्या घरी, बेव्हर्लीच्या हिरवळीवर, तंबू ठोकून बसल्या. तिथून त्यांनी जे निरीक्षण केलं त्याला 'राजकीय विश्लेषण' म्हणतात. मारितने पडदे धुवायला काढले: शक्यता चौदा टक्क्यांनी वाढली. तिच्या नवऱ्याने, व्हर्लिनने, गवत कापलं: आणखी नऊ टक्के. अर्धंच कापून तो आत गेला तेव्हा एका वाहिनीने पाऊण तास चर्चा घेतली, की हा आत आलेला फोन होता की पक्षातली फूट. (यंत्रातलं पेट्रोल संपलं होतं.) कुत्र्याला आंघोळ घातली त्या दिवशी तर शेअर बाजार हलला.

बेव्हर्ली चांगल्या घरची. दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवणार? तिने पत्रकारांसाठी परातभर लिंबाच्या वड्या भाजून नेल्या आणि दहाव्या मिनिटाला डोळे विस्फारून मारितच्या स्वयंपाकघरात आली.

"अगं मारित, मी नुसतं 'घेता का' म्हटलं, तर प्रत्येकाने तीन-तीन उचलल्या! पहिल्याच विचारण्याला! घरी खायला घालत नाहीत का गं यांना?"

"लांबची माणसं आहेत," मारित म्हणाली. "त्यांच्यात नसेल पद्धत."

इथे पद्धत स्पष्ट करणं भाग आहे. न्यू हालिंगमध्ये कुणी काही देऊ केलं तर पहिल्यांदा "छे, छे, पोट तुडुंब भरलंय" म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं की "खरंच नको, उगाच माझ्यासाठी कशाला" म्हणायचं. तिसऱ्यांदा विचारलं की एक सुस्कारा टाकून "बरं बाई, एवढं म्हणतेसच तर" म्हणायचं आणि मग खुशाल हादडायचं. हा नियम वडीला लागू आहे, कॉफीला लागू आहे, बर्फात रुतलेली गाडी ढकलायला आलेल्या मदतीलाही लागू आहे. व्हर्लिनने मारितला मागणी घातली तेव्हा ती दोनदा नाही म्हणाली होती, आणि तिसऱ्यांदा विचारेपर्यंत त्याने मधे गहू काढून घेतला होता. गावातल्या नेल्स ब्रॉटनने फार वर्षांपूर्वी एका बारशाला पहिल्याच खेपेला केक घेतला. माणूस पुढे दोनदा महापौर झाला, पण त्याला मरेपर्यंत 'खादाड नेल्स' म्हणत आणि अजूनही म्हणतात.

आता गुपित सांगायला हरकत नाही: मारितला ते पद हवं होतं. नुसतं हवं नव्हतं, जीव टांगणीला लागला होता. लेक सिग्ने, वय वर्षं सोळा, जामची बरणी आणायला कोठीत गेली तेव्हा आई तिथे उजवा हात वर करून, डावा हात चर्चच्या पाककृतींच्या पुस्तकावर ठेवून, पुटपुटत उभी होती.

"आई, शपथ घेत्येस?"

"छे गं. खांदा धरलाय."

चारचौघांत मात्र मारितचं एकच वाक्य ठरलेलं: "मी सध्या विस्कॉन्सिनच्या रस्त्यांवरच्या खड्ड्यांमध्ये पूर्णपणे रमले आहे." तज्ज्ञांच्या मते एवढा निरिच्छ उमेदवार गेल्या पन्नास वर्षांत झाला नव्हता.

फोन आला तो रविवारी, प्रार्थना संपून सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला जमले असताना. मारितने फोनकडे पाहिलं आणि ती कॉफीच्या पिंपामागे गेली. तळघरात चिडीचूप झालं. कुणीही ऐकत नव्हतं. सगळे फक्त श्वास रोखून भिंतीकडे बघत होते. बेव्हर्ली पास्टरांच्या कपात कॉफी ओतत होती ती कप भरला तरी ओततच राहिली, आणि पास्टरांनीही बूट भिजू दिले.

"गव्हर्नर, रॉक्को बोलतोय. सरळ मुद्द्यावर येतो. माझ्याबरोबर लढणार का?"

"अय्या! मी? छे हो सेनेटरसाहेब, माझ्याहून लायक कितीतरी माणसं पडली आहेत!"

"असतील. मला तुम्ही हव्यात. बोला."

"नको हो, खरंच. उगाच माझ्यासाठी कशाला एवढा खटाटोप. आमचं आहे ते बरं आहे."

मारितने केस सारखे केले, सुस्कारा टाकण्यासाठी छाती भरून हवा घेतली, "बरं, एवढं म्हणताच आहात तर" हे शब्द ओठांवर आणून ठेवले.

"समजलं," सेनेटर म्हणाले. "राजकारणात असं तोंडावर स्पष्ट बोलणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. आवडलं आपल्याला. ठेवतो."

मारित भरलेली हवा तशीच घेऊन पिंपामागून बाहेर आली.

"किती वेळा?" बेव्हर्लीने विचारलं.

"दोनदा."

"दोनदा! मग झालंच की!"

तळघरात आनंदीआनंद झाला, म्हणजे तीन-चार जणांनी मान हलवली. दोनदा विचारलंय म्हणजे तिसऱ्यांदा विचारणारच, एवढी साधी गोष्ट. फोनवर नाही विचारणार, स्वतः येईल, असा पास्टरांचा कयास होता. अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये मंगळवारी सत्कार ठरला. केकवर काय लिहायचं यावर बरीच भवति न भवति झाली. "अभिनंदन" हा शब्द फुशारकीचा वाटतो म्हणून शेवटी "वाईट नाही, मारित" असं ठरलं. (न्यू हालिंगमध्ये याच्या वरची पदवी नाही. व्हर्लिन आपल्या लग्नाबद्दलही एवढंच बोललाय, तेही एकदा.)

घरी आल्यावर सिग्नेने दार आपटलं.

"आई, तू चक्क नाही म्हणालीस त्यांना."

"नाही म्हणाले, पण 'हो'सारखं म्हणाले ना!"

"ते न्यू जर्सीचे आहेत गं! मी गेल्या वर्षी तिकडे वक्तृत्व शिबिराला गेले होते ना, तिथे नको म्हटलं की ताट उचलून नेतात. पहिला दिवस मी उपाशी काढला!"

"मला नाही सांगितलंस ते."

"तू एकदाच विचारलंस!"

मारित खुर्चीत बसली. कुत्रा येऊन तिच्या पायाशी बसला. स्वच्छ धुतलेला, उगाचच.

"आई, खरं सांग. हवंय ना तुला?"

मारित बराच वेळ टेबलावरच्या मेणकापडाची कड दुमडत राहिली. "हवंय गं," ती हळूच म्हणाली. "फार हवंय." एक्कावन्न वर्षांत एखादी गोष्ट हवी आहे असं ती पहिल्यांदाच तोंडाने बोलली, आणि बोलून झाल्यावर खिडकीबाहेर कुणी ऐकलं का ते तिने पाहून घेतलं.

"मग लाव फोन! लाव आत्ताच्या आत्ता!"

"लावून काय म्हणू?"

"म्हण, हो."

"कुणी विचारलेलं नसताना?"

पण लेकीपुढे कुणाचं चालतं? मारितने फोन लावला, आणि तो पहिल्या घंटेला उचललाही गेला. त्यानंतर विस्कॉन्सिनच्या गव्हर्नरांनी देशाच्या भावी अध्यक्षांशी न्यू जर्सीतला पाऊस, विस्कॉन्सिनमधला पाऊस, आणि या दोन पावसांतला फरक यांवर सविस्तर चर्चा केली. मग त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. (म्हणजे पदाचं मुख्य काम नेमणुकीच्या आधीच सुरू झालं.)

"गव्हर्नर," सेनेटर शेवटी म्हणाले, "बाहेर लोक ताटकळलेत माझे. एक सांगा, तुमचा विचार बदललाय का?"

सिग्ने जागच्या जागी उड्या मारायला लागली. दोन्ही हातांनी खुणा करायला लागली. मारितने तिच्याकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं.

"छे हो, विचार कुठला बदलतोय! सहज केला होता फोन. कामात असाल, ठेवते हं."

सिग्नेने मेणकापडावर डोकं टेकलं. "आई! हेच होतं ना तिसऱ्यांदा!"

"हे कसं असेल? 'घेता का' असं नाही विचारलं त्यांनी. 'विचार बदलला का' विचारलं. हो म्हटलं असतं तर आधीपासून मनात होतं असा नाही का अर्थ झाला?"

तर्कात खोट काढायला जागा नव्हती. घटनातज्ज्ञांनाही ती सापडली नसती.

मंगळवारी सकाळी अख्खं न्यू हालिंग हॉलमध्ये जमलं. भिंतीवर टीव्ही लावलेला, टेबलावर केक. दाराकडे सगळ्यांचं लक्ष, कारण सेनेटर विचारायला येणार ते दारातूनच येणार. ते आले टीव्हीवर. व्यासपीठ, बँड, रंगीत कागदांचा पाऊस, आणि सेनेटर डिमार्झोंनी कुणाचा तरी हात धरून उंच केला. किंचित बुटकी व्यक्ती होती. निवेदक सांगत होता, की सेनेटरांचा प्रश्न पुरा व्हायच्या आतच पलीकडून "हो" आलं होतं.

"पहिल्याच खेपेला?" बेव्हर्ली ओरडली. "प्रश्न संपायच्या आत? वळण लावायला घरात कुणी मोठं माणूस नव्हतं का?"

मग सगळे मारितकडे वळले. घरात कुणी गेल्यावर आणतात तशी भट्टीत भाजलेल्या बटाट्याच्या कॅसरोलची भांडी पाचच मिनिटांत कुठून तरी हॉलमध्ये हजर झाली. जो तो तिच्या खांद्यावर हात ठेवून हवामानाबद्दल बोलून जात होता. व्हर्लिन तिच्या शेजारी येऊन खेटून उभा राहिला.

"केक घेतेस का गं थोडा?" बेव्हर्लीने हळूच विचारलं.

"हो," मारित म्हणाली. "मोठा दे."

हॉलमध्ये चमचे थांबले. बेव्हर्लीच्या हातातली सुरी हवेतच राहिली. पण मारितने ताटली पुढे धरलेलीच होती. सिग्नेने एकटीने टाळ्या वाजवल्या.

या प्रसंगाचा खळबळजनक परिणाम असा झाला, की टीव्हीकडे कुणाचं लक्षच राहिलं नाही. दुपारी, शिष्टाचार म्हणून, मारित विजेत्या व्यक्तीला अभिनंदनाचा फोन करायला बसली तेव्हा तिच्या लक्षात आलं की कुणाला करायचा तेच माहीत नाही. सिग्नेला विचारलं, तिने नाव ऐकलं नव्हतं. बेव्हर्लीला विचारलं, ती म्हणाली, "पुरुष होता बहुतेक. किंवा मग केस बारीक होते." पास्टरांना फक्त टाय आठवत होता. शेवटी ती रस्ता ओलांडून हिरवळीवर गेली. महिनाभर उपाध्यक्ष कोण होणार याचाच ध्यास घेतलेले पत्रकार तंबू गुंडाळत होते. त्यांनीही एकमेकांकडे पाहिलं. त्यांच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. उत्तराशी त्यांचा संबंध नव्हता.

न्यू हालिंगला या बाबतीत हसण्याचं कारण नाही. ते नाव त्या दिवशी देशातल्या प्रत्येक पडद्यावर ठळक अक्षरांत होतं. या हकिगतीत ते द्यायचं राहून गेलं, आणि आपण इथवर वाचत आलात, मारितसाठी हळहळलात, पण निवड कुणाची झाली हे विचारावंसं आपल्यालाही एकदासुद्धा वाटलं नाही. हरकत नाही. आत्तापर्यंत त्या नावावाचून अडलं नाही, तसं पुढची चार वर्षंही अडणार नाही.