सर्वानुमते देवजी

ठराव पहिला : जव्हार व मोखाडा तालुक्यांच्या संस्कृतीत स्त्रियांनी दिलेले आणि आजवर दुर्लक्षित राहिलेले योगदान शोधण्यासाठी समिती नेमावी. समितीत पाच पुरुष असावेत. चहापाणी आणि इतिवृत्त यांसाठी नेत्रा मॅडम असाव्यात. कुणाची हरकत? नाही. मंजूर.

समितीने वर्षभर कसून शोध घेतला. जव्हारजवळच्या शिरपामाळ या ऐतिहासिक टेकडीवरही ती जाऊन आली. तिथे वारा छान होता. अखेर अध्यक्ष दामोदर सरांनी, म्हणजे निवृत्त मुख्याध्यापकांनी, जाहीर केलं की दोन्ही तालुक्यांतली सर्वश्रेष्ठ दुर्लक्षित स्त्री सापडली आहे. तिचं नाव देवजी.

देवजी खोडाळ्याजवळच्या एका पाड्यावर राहतो. जमीन नाही, मजुरी करतो. बोहाड्यात, म्हणजे मुखवटे चढवून देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या उत्सवात, देवीचं सोंग त्याच्या घराण्याकडे. बाईने मुखवटा चढवायचा नाही, हा रिवाज. देवीसुद्धा पुरुषानेच व्हायचं.

खरी गोष्ट एका चुलीपलीकडे गेली नव्हती. ठाण्याला बांधकामाच्या परांचीवरून पडून देवजीचा गुडघा कामातून गेला, तेव्हा बोहाडा तोंडावर आला होता. सोंग नाचलं नाही तर देवीचा मान भाऊबंदांतल्या रोहिदासाच्या घरात जाणार. मग देवजीच्या बायकोने लुगडं कसलं, मुखवटा चढवला आणि संबळावर ती अशी नाचली की म्हाताऱ्यांनी जमिनीला डोकं टेकलं. तेव्हापासून दरवर्षी तीच नाचते. वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात वाकलेली पाठ त्या एका फेऱ्यापुरती ताठ होते.

एरवी लंगडणारा देवजी बोहाड्यात लंगडत कसा नाही? गावाने उत्तर काढलं : अंगात देवी येते. देवी येणं शक्य होतं. बाई असणं शक्यच नव्हतं.

समिती घरी आली.

"देवजीराव, हा स्त्रीसुलभ डौल आणलात कुठून?" दामोदर सरांनी विचारलं.

देवजीने चुलीकडे पाहिलं. चुलीकडून कप आले.

"घरातूनच, साहेब."

"वा! म्हणजे वारसा!" सरांनी लिहून घ्यायला सांगितलं. नेत्रा मॅडमनी लिहून घेतलं.

"ए वर्षालीची आय," देवजी हळूच म्हणाला, "साखर कमी पडली."

"देवीला सांग टाकायला," ती म्हणाली.

ठराव दुसरा : सदर डौल लोप पावण्यापूर्वी देवजी यांनी तो परिसरातील महिलांना शिकवावा. कार्यशाळेचा विषय : 'स्त्रीने स्त्रीसारखे कसे चालावे'. बचत गटास हजेरी सक्तीची. कुणाची हरकत? नाही. मंजूर.

शाळेच्या पटांगणात देवजी पुढे लंगडत, पाड्यावरच्या बायका मागे. समितीचे तज्ज्ञ सदस्य प्रसाद सावलीत उभे राहून ओरडत होते, "उजवा पाय ओढा! तिथंच तर डौल आहे!"

"माझी सास हंडा घेऊन अशी चालली असती," शेजारची प्रेमा पाय ओढत म्हणाली, "तर घरात पाणी आलाच नसता."

देवजीची बायको नेहमीसारखीच चालली. तिच्या नावापुढे शेरा पडला : 'चालण्यात स्त्रीत्व कमी. उत्तेजनार्थ.'

ठराव तिसरा : देवीचा मुखवटा हा स्त्री-योगदानाचा अमोल ठेवा असल्याने सत्कारानंतर तो समितीच्या कार्यालयात, काचेच्या कपाटात, कुलूपबंद ठेवावा. कुणाची हरकत? नाही. मंजूर.

हे घरी समजलं तेव्हा नागलीच्या पिठात तिचे हात थांबले.

"मग मी कुठं नाचू?"

"माझा गुडघा..."

"तुझा गुडघा नाय विचारला मी."

देवजीने गुडघ्यावरचा हात काढला. "सांगू त्यांना?"

"तू नको. मीच दाखवीन."

सत्कार मोखाड्याला, भर दुपारी. सभागृह गच्च भरलेलं. देवजी पडद्यामागे नव्या शर्टात बसला आणि देवी व्यासपीठावर नाचली. शेवटची गिरकी घेऊन ती थांबली आणि सगळ्यांच्या देखत तिने मुखवटा उतरवला. कपाळाला केस चिकटलेले, ऊर धपापतोय, मुखवटा छातीशी. तिने सभागृहाकडे पाहिलं. सभागृहाने मुखवट्याकडे पाहिलं.

"बाई," दामोदर सर म्हणाले, "मुखवटा आणून दिलात, बरं केलंत. आता देवजीरावांकडे द्या आणि जरा बाजूला व्हा. फोटो घ्यायचाय."

"सर, नाचल्या त्याच..." नेत्रा मॅडम पुटपुटल्या.

"मॅडम, मानपत्र छापून झालंय."

देवजी लंगडत बाहेर आला आणि त्याने माईक धरला. "साहेब, मी नाय नाचत. हीच नाचते. दरवर्षी. आतापण हीच नाचली."

दामोदर सरांनी चष्मा काढला. डोळे पुसले. "पाहिलंत? एवढा मोठा कलावंत, आणि सगळं श्रेय बायकोला! याला म्हणतात विनय!"

टाळ्या थांबेनात. "मी! मी नाचले!" ती ओरडली, टाळ्यांत ते विरून गेलं. छापील मानपत्रात 'विनम्र' हा शब्द जागेवरच पेनाने वाढवण्यात आला.

मुखवटा तिच्या हातून सुटेना. प्रसाद यांना तिची बोटं एकेक करून उकलावी लागली. फोटोत कडेला एक कोपर आलं होतं. छापताना ते कापलं.

मुखवटा आता कपाटात आहे. काचेवर धूळ बसते. ती पुसायला समिती एक बाई शोधते आहे.

ठराव चौथा व शेवटचा : ही गोष्ट वाचणाऱ्यांचे आभार मानावेत. ते समितीवर मनापासून चिडले, याची नोंद घ्यावी. देवजी, दामोदर, प्रसाद, नेत्रा, प्रेमा, इतकेच काय, गोष्टीत पाऊलही न टाकलेला रोहिदास, ही नावे त्यांना पुरली. जी नाचली तिचे नाव काय, हे त्यांच्यापैकी एकानेही इथवर विचारलेले नाही.

कुणाची हरकत?

नाही. मंजूर.