अंगठ्यानं बसलेली खुंटी

बायकोला गडचिरोलीत आणायचं तर पक्कं घर हवं, असं मी ठरवलं आणि काम भूपेश ठेकेदाराला दिलं. ओळखीचा माणूस. त्याच्या विटा-सिमेंटच्या तपासणीचे कागद आमच्याच कार्यालयात येतात आणि त्यांवर ‘समाधानकारक’ हा शिक्का मीच मारतो. (विटा कधी पाहिल्या नव्हत्या. शिक्का मारायला वीट लागत नाही.)

लग्न झाल्यापासून साधना पोंभुर्ण्याला, धानाच्या शेतावर. मी इथे, मेसच्या पातळ वरणावर. संध्याकाळी फोनवर तिच्या मागे भांडी वाजायची, ती ऐकत मी घास गिळायचो. फार आठवण यायची हो! स्वतःच्याच बायकोची, त्यात लाजायचं काय?

घर झालं. ती आली, ओटा पाहिला, नळ सोडून पाहिला आणि खुशीत म्हणाली, “इथी एक खुंटी ठोकून द्या. सूप टांगतो.”

मी शेजारून हातोडी मागून आणली, तर खुंटी बसलेली!

“कशानं ठोकली?”

“अंगठ्यानं.”

“नवीन भिंत आहे, ओली असेल,” मी म्हणालो. तिनं सूप टांगलं. खुंटी, सूप आणि परातीएवढं प्लास्टर एकदमच खाली आलं. आतली वीट तिनं नखानं टोकरली, तर नुसता तांबडा भुगा.

भूपेशला बोलावलं. तो आला, पण अंगणातच थांबला.

“आत ये, चहा घे.”

“नाई भाऊ, इथीच बरं आहे. हवा येऊन राह्यली.”

“अरे, भिंत तर पाहा!”

“इथूनच दिसते ना. मस्त आहे!” असं म्हणत, स्लॅबकडे पाहत तो दोन पावलं मागे सरकला.

साधनानं त्याला चहा दिला आणि आत येऊन बॅग भरायला घेतली.

“ज्यानं बांधलं तोच आत येऊन नाई राह्यला, त मी काऊन राहू?”

“मी राहतो ना!”

“मले काय हौस आहे दूर राहाची?” तिचे डोळे भरले. माझेही. एसटी मात्र वेळेवर आली.

तेव्हापासून घर खायला उठतं. काल वाऱ्यानं शेजारच्या इतवारीच्या गोठ्याचं छप्पर उडालं. मी धावतच गेलो. “तुझी बकरी माझ्या घरात बांध,” म्हटलं. (तेवढीच सोबत. घरात कुणीतरी वाट पाहतंय असं वाटेल.)

इतवारीनं बकरीकडे पाहिलं, माझ्या घराकडे पाहिलं आणि संकोचून म्हणाला,

“नाई भाऊ. गाभण आहे ते.”