ओली भिंत

"अजून थोडी डावीकडे हो," मोबाईल डोळ्यांसमोर धरून दीनानाथ म्हणाले. नीलिमाताई सरकल्या, पण त्यांच्यामागची जुनी दगडी कमान काही फोटोत मावेना. पुण्यात जन्मभर इमारती बांधलेल्या माणसाला अर्धी कमान कशी चालेल? ते समोरच्या गल्लीत मागेमागे जात राहिले.

"अहो, पुरे आता! उर्वी वाट बघत असेल."

आज मेलबर्न पायी बघायचं आणि दुपारी उर्वीच्या होणाऱ्या सासू-सासऱ्यांबरोबर जेवायचं, असा लेकीचा बेत होता. त्यासाठी नीलिमाताईंनी ठेवणीतली मोतिया साडी नेसली होती आणि नवऱ्याच्या पांढऱ्या शर्टाला स्वतः इस्त्री केली होती.

दीनानाथांच्या पाठीला एकदम गार लागलं.

ते वळले. भिंतीवर निळ्या समुद्राचं भलंमोठं चित्र होतं आणि ते अजून ओलं होतं. किनाऱ्याजवळ त्यांची अख्खी पाठ उमटली होती, खांद्यांसकट.

"हलू नका, कुण्णी बघितलं नाहीये," म्हणत नीलिमाताईंनी रुमालाने भिंतीवरचा डाग पुसायला घेतला. समुद्र फिसकटला. मग त्यांनी बाटलीतलं पाणी लावलं. समुद्र ओघळत फुटपाथवर आला. जाणारे-येणारे थांबून फोटो काढू लागले.

तेवढ्यात रंगाने माखलेली डांगरी घातलेली एक मुलगी कॉफी घेऊन आली.

"मॅडम, आय ॲम एक्स्ट्रीमली सॉरी," दीनानाथ हात जोडून म्हणाले.

"नो वरीज!" ती म्हणाली. मग भिंतीकडे बघतच राहिली आणि हसून काहीतरी भराभर बोलली.

"काय म्हणते?"

"किनारा फार ओसाड वाटत होता म्हणे. मला तिथेच ठेवून घेऊ का, विचारतेय."

"खरंच ठेवून घेशील का, विचारा तिला."

मुलीने दोनचार फटकाऱ्यांत डागाला डोकं दिलं, पाय दिले. समुद्राकडे बघत उभा असलेला एक माणूस तयार झाला. दीनानाथ खूश झाले. नीलिमाताई मात्र त्या माणसाकडे निरखून बघत होत्या.

"काय झालं गं?"

"एकटेच दिसताय."

त्यांनी पर्स नवऱ्याच्या हातात दिली, पदर सावरला आणि त्या माणसाच्या शेजारी, मोतिया साडीसकट, भिंतीला पाठ टेकली.

"अगं, साडी!"

"असू दे."

गल्लीत टाळ्या पडल्या. दीनानाथांना मात्र समोरचं सगळं धूसर दिसत होतं. खिशातला फोन वाजला.

"बाबा, आम्ही सगळे येऊन बसलोय. कुठे आहात?"

"इथेच, जवळ," त्यांनी डोळे पुसले. "तुझी आई अजून ओली आहे. जरा वाळली की येतो."