दोन नावाची हाक

आमच्या शेजारी गणपतभाऊ राह्यते. त्याची एक खोड साऱ्या गावाले माहीत हाय. तो कोनालेच एकट्याले हाक मारत नाही. नेमी दोन नावं घेते. दुकानात पोट्टा धाडाचा असन तं "गोलू-सोनू!" म्हनून वरडते. सोनू तिकडं मामाच्या गावाले असन, तरी बी वरडते. गोलू म्हनते, "आबा, सोनू नाही ना." तं हा म्हनते, "नाही तं नाही. नाव तं घेऊ दे!"

पंचायतीसमोरून गेला की "सरपंच-उपसरपंच, रामराम!" त्या दोघाचं जमत नाही. एक येते त्या वाटेनं दुसरा जात नाही. पन गणपतभाऊची हाक आली की दोघंही संगच बाहेर येतेत, एकमेकाले पाहतेत, अन् तोंड फिरवून आत जातेत. त्याले काही नाही त्याचं. तो म्हनते, "बाहेर तं संग आले."

मले तो हाक मारते, "यशवंता-वहिनी!"

यशवंता म्हंजे माहे मालक. ते जाऊन जमाना झाला. वावरात साप चावला, दवाखान्यात नेईपरेंत राह्यले नाही. पहिल्यांदा अशी हाक आयकली तवा मले रागच आला. म्या म्हनलं, "भाऊजी, गेलेल्या मानसाले कायले हाक मारता?"

"वहिनी, एकलीले हाक मारली तं तुमचं घर रिकामं वाटते."

चुलीवर भात होता, तो पाहाले गेली.

तवा माह्या मांगं दोन लेकरं, भाजीपाल्याचा येक तुकडा अन् येकच बैल होता. जोडीतला दुसरा त्याच साली मेला. येका बैलानं डवरा, म्हंजे तन काढाचं औत, चालत नाही. मंग म्या काय केलं, येका बाजूनं बैल जुपला अन् दुसऱ्या बाजूनं जू सोताच्या खांद्यावर घेतलं. लोकं धुऱ्यावर, म्हंजे बांधावर, उभे राहून पाहत. रडाले टाइम नोहता, वांगे बजारात न्या लागत. दोन तास, म्हंजे दोन ओळी, झाले असन नसन, तं गणपतभाऊ त्याचा बैल घेऊन आला. म्हने, "वहिनी, सुटा. तुमच्या बैलाले लाज वाटून राह्यली."

त्याच्याही घरी येकच बैल होता. मंग येक दिवस माह्या वावरात, येक दिवस त्याच्या, अशी दोन घरची येक जोडी आमी कईक सालं चालवली. लेकरं त्याच जोडीवर मोठे झाले.

जवानपनी गणपतभाऊ शंकरपटात बैल पळवे. पट म्हंजे बैलाच्या जोड्याइची शर्यत. पन मंग येकदम सोडून देलं, छकडाही इकून टाकला. पटातलं त्याच्याजवळ येक बोलनं तेवढं राह्यलं, "जोडी पाहा, बैल नोको पाहू." लग्नात नवरा-नवरीले हेच सांगे. भाजी घेनाऱ्या बाईले हेच सांगे. ती बाई म्हने, "बाबा, मले पावभर भेंडी दे, बैल कोनाले पाह्यजे!"

आता माह्या नातीचं सांगते. पायल तिचं नाव. अन् गणपतभाऊच्या पलीकडं देवानंदची पोरगी, वैष्णवी. आमच्या वस्तीतून कामरगावच्या मोठ्या शाळेत जानाऱ्या ह्या दोघीच. फाट्यापरेंत पायी, मंग बस. दोघी होत्या म्हनून जात. एकलीले कोनी धाडलं नसतं. माही शाळा अशीच सुटली. सोबतीन सासरी गेली, तवापासून मी घरी. कोनाले दोष नाही, पन मले ठाऊक होतं ते काय असते.

त्या साली पोरीइची कबड्डी तालुक्याले जानार होती. खेळाच्या सरनं सांगतलं, जे पोरगी जास्त गडी बाद करीन ते कॅप्टन. झालं! ह्या दोघीच सगळ्यात तगड्या. कबड्डीत हातात हात घालून साखळी कराव लागते, तं ह्या हातच देईनात. पायल म्हने, वैष्णवी मुद्दामून सुटा हात ठेवते. वैष्णवी म्हने, पायल माहा गडी आपल्या नावावर करते. बोलनं बंद. मंग येक पहिल्या बसनं जाये, दुसरी मांगच्या.

येक दिवस देवानंदनं वैष्णवीले फाट्यावर एकलीले उभी पाह्यलं. घरी आनलं अन् म्हनला, "शाळा बस झाली. उद्यापासून निंदाले चाल." ते आयकून माह्या लेकानं बी पायलले तेच सांगतलं. दोघीइच्या हाती विळा आला. दोघी आपापल्या आंगनात रडल्या. पन येकमेकीच्या दारी कोनी गेली नाही.

म्या गणपतभाऊले सांगतलं. तो म्हने, "चाला वहिनी, शाळेत."

सर चांगले मानूस. खुर्ची देली, पानी देलं. म्हनले, "आजोबा, उद्या पोरीइले पुढारी व्हायचं असन तं स्पर्धा पाह्यजेच. जो जिंकते तोच पुढं जाते."

गणपतभाऊ म्हने, "सर-म्याडम," – म्याडम तिथं कोनीच नोहत्या – "मी बी पट पळलो. जोडी दुसऱ्या जोडीसंग पळते. तुमी तं येकाच जोडीतले बैल येकमेकासंग पळवून राह्यले. छकडा उलटन नाही तं काय होईन?"

सर हासले. "बैल अन् पोरी सारख्या हायेत काय?"

"नाही ना सर. बैल लवकर शिकते."

सर म्हनले, "मंग तुमी शिकवा. दोघी येकत्र आल्या तं मी माहा नियम बदलतो."

गणपतभाऊनं त्याच संध्याकाळी माळ्यावरचं जुनं जू काढलं. तेच, माह्या खांद्यावर होतं ते. दोघीइले बोलावलं, "पायल-वैष्णवी!" हाक येकच, म्हनून दोघीइले या लागलं. दोघीइच्या खांद्यावर पोतं ठेवलं, वरून जू, मांगं हलका डवरा, अन् सोडल्या माह्या वांग्यात.

आता काय सांगू! पायल जोरात ओढे तं डवरा इकडं, वैष्णवी ओढे तं तिकडं. आख्खा तास उखडला. मी धुऱ्यावरून वरडली, "भाऊजी, माहे वांगे!"

"वहिनी, वांगे पुढच्या साली येतेत. पोरी नाही येत."

धुऱ्यापाशी वळाचं आलं की तो टाळी वाजवे, "आतली थांब! बाहेरची लंबी चाल! आता जे आत हाय, तिच्या थांबन्यावर दुसरीचं चालनं हाय. थांबाले बी ताकत लागते, बाप्पा!"

तिकडून देवानंद आला, तनतनत. "माही पोरगी बैल हाय काय?"

"देवानंद-शोभा!" गणपतभाऊ म्हने. शोभा त्याची बायको, ते घरी भाकरी करून राह्यली होती. "पोरगी बैल नाही, म्हनून तं म्हनतो, शाळेत धाड."

देवानंद तिथंच धुऱ्यावर बसला. पोरी वळत होत्या. वैष्णवीचा पाय घसरला, पायलनं तिचा दंड धरला. दोघी चिखलात बसल्या अन् जुवाखालीच खदखदा हासाले लागल्या. देवानंदलेही हासू आलं, पन त्यानं ते मिशीत ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तास सरळ निघाला. वळनावर त्याइचं त्याच बोलत होत्या, "आता तू आत, मी बाहेर." मंग दोघी मिळून सरकडं गेल्या. वैष्णवी कॅप्टन झाली, अन् साखळी कवा टाकाची ते पायलनं सांगाचं, असं त्याइनंच ठरवलं. सरनं मान्य केलं. तालुक्याले दुसऱ्याच सामन्यात हारल्या. पन फाट्यावर बसमधून हासत उतरल्या, अन् देवानंद मले म्हने, "काकू, उद्याचा डबा दोघीइचा माह्या घरून." शाळा चालू राह्यली. वांगे तेवढे गेले.

औंदा दोघी वाशिमले कॉलेजात गेल्या. येकच खोली घेतली. फाट्यावर सारेच आले होते. बस गेली, धूळ बसली, लोकं घरी वळले. गणपतभाऊ तिथंच उभा. कोनी नोहतं तरी त्यानं हाक मारली, "पायल-वैष्णवी!"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या ओट्यावरून येकही हाक नाही आली. म्या जाऊन पाह्यलं तं बसून होता.

"भाऊजी, तब्येत बरी हाय ना?"

त्यानं हातानं ओटा झाडून मले बसाले जागा केली. "वहिनी, पटात आमची जोडी किसन हाकत होता. माहा लहाना भाऊ. मी बैल तयार करो, तो छकड्यावर बसे. येकदा मोठा पट मारला. मायकवर माह्या एकट्याचं नाव घेतलं. किसन बाजूलेच उभा होता. मले म्हनता आलं असतं, याचंही नाव घ्या. नाही म्हनलं. आयकत राह्यलो. गोड लागलं. त्याच हप्त्यात तो आपला बैल इकून सुरतले गेला. मंग नाही आला."

म्या उठून घरी येऊन च्या ठेवला. माह्या मनात आलं, साऱ्या गावाले हा दोन नावानं हाक मारते, पन याले तशी हाक आजपरेंत कोनीच नाही मारली.

च्या उकळला. दोन कप भरले, माह्या ओट्यावर आनून ठेवले, अन् मधल्या कुडावरून वरडली, "अवो गणपतभाऊ-किसनभाऊ! च्या झाला!"

म्या वाट पाह्यली.

मंग गणपतभाऊनं ओ देली.

अन् थोडं थांबून, हळूच, आनखी येक ओ देली.